कोठीची किल्ली कोणाकडे?

लग्नामुंजीचे कार्य निघाले की यजमान जी कामे वाटून देतात, त्यांत कोठी कोणाकडे सोपवावयाची याचा विचार सर्वांत आधी होतो. एखादी खमकी काकू अथवा मावशी त्या खोलीवर नेमली जाते. तूप, साखर, नारळ, सुपारी, आहेराची लुगडी, सारे तिच्या स्वाधीन; किल्ली तिच्या कमरेला. पंगत बसली की वाढणारी मुले धावत येतात, "काकू, श्रीखंड संपलं!" म्हणून दारातूनच ओरडतात, काकू पातेले भरून देते आणि पुन्हा कडी लावते. वाढप्याला कोठीत प्रवेश नाही. यात त्याच्यावर अविश्वास असतो असे नव्हे. त्याचे हात ओले असतात, त्याला घाई असते, आणि चार बाजूंनी चार माणसे त्याला हाका मारीत असतात. अशा माणसाने कोठीत शिरून डबे उघडू नयेत, एवढाच त्यामागचा हिशेब.

हा हिशेब मला लहानपणापासून ठाऊक होता. तरीही घरातील चित्रपट, गाणी, छायाचित्रे आणि जुन्या ध्वनिफिती यांची व्यवस्था लावताना मी तो पार विसरले.

व्यवस्था अशी होती. बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणी संचाखाली एक जुना संगणक आणि त्यात चार टेराबाइटची हार्ड डिस्क. तोच सगळे साठवी, तोच चित्रपट दाखवी, तोच छायाचित्रांच्या छोट्या प्रतिमा तयार करी, आणि तोच बंगळुरूला बहिणीच्या घरी गाणी पोचवी. एका यंत्रात सगळे सामावले याचे मला कौतुकही होते. त्यातच एक ध्वनिफीत होती. १९९१ साली चुलतभावाच्या मुंजीत घाणा भरताना आजीने म्हटलेल्या ओव्या, सत्तेचाळीस मिनिटांच्या. मूळ कॅसेटवर बुरशी चढली होती. संगणकात प्रत उतरवून घेताना फीत दोनदा तुटली. पुढे घर बदलताना ती कॅसेट मी टाकून दिली. प्रत तयार झाली म्हणून हस्तलिखित टाकून द्यावे, असे कचेरीत कोणी सुचविले असते तर मी त्याला उभे केले नसते. घरी मात्र तेच केले.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत बहीण सहकुटुंब आली. तिचा सहा वर्षांचा मुलगा दूरचित्रवाणीवर आपली चित्रे पाहत होता. पडद्यावर वरच्या ओळीत "पुढे चालू ठेवा" या मथळ्याखाली आजीचा फोटो आणि ती ध्वनिफीत सारखी दिसे, कारण मी ती अर्धी ऐकून सोडली होती. त्याला ती तिथे नको होती. रिमोटवरील कळ दाबून धरताच एक यादी उघडली, यादीत "हटवा" हा पर्याय होता, आणि पाठोपाठ आलेल्या "नक्की का?" या प्रश्नाला त्याने होकार दिला. वाचता येत नसलेल्या मुलाने आणखी काय करावे? त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने एक चित्र ओळीतून बाजूला केले. यंत्राने डिस्कवरील मूळच नाहीसे केले.

मला हे आठ दिवसांनी कळले. वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल की संगणकावरील फाइल पुसली म्हणजे तिचा मजकूर त्याच क्षणी नष्ट होत नाही. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतील ओळ खोडावी, पण प्रकरणाची पाने आत तशीच असावीत, असा तो प्रकार असतो. ती जागा मोकळी समजून यंत्र तिच्यावर दुसरे काही लिहीपर्यंत मजकूर परत मिळविता येतो. परंतु माझे यंत्र कोठारही होते आणि कारखानाही. चित्रपट दाखविताना लागणाऱ्या तात्पुरत्या फायली, छोट्या प्रतिमा, नवे चित्रपट, सारे ते त्याच डिस्कवर आठ दिवस लिहीत बसले होते. आजीची जागा त्यात भरून गेली. साठविण्याचे आणि दाखविण्याचे काम वेगळ्या यंत्रांकडे असते, तर ती पाने त्या आठ दिवसांत कोरी राहण्याची पुष्कळ शक्यता होती. हे लक्षात आल्यावर मी या विषयाचा नीट अभ्यास केला. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

मुळात ही दोन कामे भिन्न प्रकृतीची आहेत. साठविणाऱ्या यंत्राला विशेष बुद्धीची गरज नसते; ते शांत असावे, त्याला कोणी फारसा हात लावू नये, आणि वर्षानुवर्षे त्यात काही बदल होऊ नये. दाखविणारे यंत्र याच्या उलट. त्याला वेग हवा, त्यातील कार्यक्रम दर महिन्या-दोन महिन्यांनी अद्ययावत करावे लागतात, ते मध्येच अडते, ते बंद करून चालू करावे लागते, आणि घरातील लहानथोर सर्वांचे हात त्याला लागतात.

वेग कशाला हवा, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण दुकानात नेमके येथेच ग्राहक फसतो. चित्रपटाची फाइल ही एका विशिष्ट सांकेतिक भाषेत लिहिलेली असते. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही भाषा आज बहुतेक सगळ्या संचांना कळते. २०१३ साली आलेली एच.२६५ ही तिच्याहून पुष्कळ आटोपशीर, परंतु जुन्या संचांना ती कळत नाही. संचाला फाइलीची भाषा कळली तर प्रश्नच नाही. फाइल उचलावी आणि पाठवावी, हे काम कोणतेही क्षुल्लक यंत्र करू शकते. कळली नाही तर मध्ये दुभाष्या लागतो. एका भाषेतील चित्र उलगडावयाचे आणि त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत पुन्हा गुंफावयाचे, सेकंदाला चोवीस चित्रे, आणि प्रेक्षक समोर बसलेला. मी स्वतः भाषांतराच्या व्यवसायात असल्यामुळे या यंत्राविषयी मला आपलेपणा वाटतो. लेखी भाषांतराला रात्र मिळते. दुभाष्याला श्वासही मिळत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. अनेक संच फाइलीसोबतची देवनागरी उपशीर्षके धड दाखवीत नाहीत. जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, कधी नुसते चौकोन दिसतात. आईला ऐकू कमी येत असल्याने आमच्याकडे उपशीर्षकांवाचून चालत नाही. अशा वेळी ती अक्षरे चित्रातच उमटवून पाठवावी लागतात, म्हणजे संचाला भाषा कळत असली तरी सगळे चित्र पुन्हा गुंफणे आलेच.

हे काम साध्या प्रक्रियकाकडून करून घेतले तर तो घामाघूम होतो. त्यासाठी चित्रसंस्काराची खास सोय असलेली चिप लागते. इंटेलने अशी सोय २०११ सालापासून आपल्या प्रक्रियकांत देण्यास सुरुवात केली, एच.२६५ चा दहा-बिट प्रकार हाताळण्याची शक्ती सातव्या पिढीपासूनच्या प्रक्रियकांत आली. ज्याला बाजारात 'नॅस' म्हणतात त्या साठवणपेटीत अशी चिप असेलच असे नाही. सिनॉलॉजी या तैवानी कंपनीच्या २०२० सालच्या डीएस९२०+ या पेटीत ती होती. तिच्या जागी २०२२ साली आलेल्या डीएस९२३+ मध्ये एएमडीचा प्रक्रियक आला आणि चित्रसंस्काराची सोय गेली. साठवण म्हणून नवी पेटी जुनीहून उणी नव्हती, दुभाष्याचे काम मात्र तिच्याने होईना. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कंपनीने आपल्या प्रणालीच्या ७.२.२ या आवृत्तीत 'व्हिडिओ स्टेशन' हा चित्रपट दाखविणारा कार्यक्रमच काढून टाकला. कंपनीचा तो अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांनी कोठी आणि पंगत एकाच पेटीत मांडली होती, त्यांना एका सकाळी पंगत उठलेली आढळली.

तेव्हा आता माझ्या घरी काय आहे, ते सांगते. कपड्यांच्या कपाटाशेजारी, जेथे वारा खेळतो आणि मुलांचा वावर नाही अशा जागी, दोन डिस्कची साठवणपेटी आहे. दोन्ही डिस्कवर तोच मजकूर. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालते. पेटी दर तासाला आपल्या सर्व फायलींचा 'स्नॅपशॉट' घेते, म्हणजे त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवते. पुढे फाइल कोणी पुसली वा बदलली तरी मागच्या तासातील रूप परत काढता येते. महिन्यातून एकदा ती प्रत्येक फाइल वाचून तिची खूणगाठ ताडून पाहते, आणि एका डिस्कवरील अक्षर बिघडले असल्यास दुसरीवरून दुरुस्त करते. याखेरीज ती काहीही करीत नाही. तिच्यावर मी एकही कार्यक्रम बसविलेला नाही, आणि बसविण्याचा मोह होतो तेव्हा काकूची आठवण करते.

दूरचित्रवाणी संचाखाली आता तळहाताएवढा एक संगणक आहे. त्यात इंटेलची २०२३ सालची एन१०० ही चिप आणि २५६ जीबीची छोटी घनस्थिती डिस्क आहे. चित्रपट दाखविणारा कार्यक्रम यावर चालतो. मी जेलिफिन वापरते. २०१८ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी सुरू केलेला हा विनामूल्य कार्यक्रम आहे. प्लेक्स वा अन्य कोणता वापरला तरी मांडणी हीच. कार्यक्रमाची सूची, छोट्या प्रतिमा, तात्पुरत्या फायली, सगळा पसारा या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर. उद्या ते जळाले तर दुसरे आणून अर्ध्या दिवसात उभे करता येईल, आणि त्यातून काहीही गमावणार नाही.

या दोहोंमधील मुख्य गोष्ट आता सांगते. पेटीवर या छोट्या संगणकासाठी मी एक वेगळे खाते उघडले आहे आणि त्याला फक्त वाचनाचा अधिकार दिला आहे. लिहिण्याचा नाही, पुसण्याचा नाही. नवे चित्रपट वा छायाचित्रे पेटीत ठेवावयाची झाली तर मी माझ्या टेबलावरील संगणकावरून, वेगळ्या खात्याने ठेवते. भाच्याने आज रिमोटवर "हटवा" दाबले तर यंत्र क्षमा मागून स्वस्थ बसेल. हा बदल करण्यास मला दहा मिनिटे लागली. दोन यंत्रे घेणे ज्यांना शक्य वा आवश्यक नाही, त्यांनी एकाच यंत्रावरही एवढे जरूर करावे: दाखविणाऱ्या कार्यक्रमाचे खाते निराळे काढावे आणि घरच्या ठेव्याच्या फोल्डरात त्याला केवळ वाचू द्यावे. ज्यांचा संच सर्व फायली जशाच्या तशा वाचतो आणि ज्यांच्या घरी पाहणारी दोनच माणसे आहेत, त्यांनी या लेखामुळे बाजार गाठू नये, असेच मी म्हणेन.

वाचनाधिकाराची ही मर्यादा केवळ मुलांसाठी नाही. दाखविणारे यंत्र पुष्कळदा घराबाहेरूनही उघडता यावे अशी आपली इच्छा असते, आणि जे दार आपल्यासाठी उघडे ते चोरासाठीही उघडे. एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर प्रणालींनी इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅप कंपनीच्या साठवणपेट्यांत शिरून लोकांच्या फायलींना कुलपे लावली आणि किल्लीसाठी बिटकॉइन मागितले. ज्यांची कोठीच रस्त्यावर उघडत होती, त्यांच्यावर हा प्रसंग आला. दुसरे उदाहरण याहून विलक्षण आहे. लोकांचे परवलीचे शब्द सांभाळणाऱ्या लास्टपास या कंपनीची २०२२ साली मोठी चोरी झाली. चोर शिरला तो कंपनीच्या दारातून नव्हे, तर तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून. आणि तेथे त्याला वाट मिळाली ती घरी चित्रपट दाखविण्यासाठी बसविलेल्या प्लेक्स या कार्यक्रमाच्या जुन्या आवृत्तीतून. त्या आवृत्तीतील भोक कंपनीने मे २०२० मध्येच बुजविले होते. अभियंत्याने नवी आवृत्ती घेतली नव्हती, इतकेच. करमणुकीचा कार्यक्रम आणि मौल्यवान किल्ल्या एका यंत्रावर नांदत होत्या.

पुष्कळांना शंका येते की, चित्रपट आधी पेटीतून संगणकात आणि मग संगणकातून संचात असा दोनदा प्रवास करणार, तर तो अडखळणार नाही काय? घरात तार ओढलेली असेल तर मुळीच नाही. गिगाबिट तारेतून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट वाहतात. ब्ल्यू-रे चकतीवरील चित्रपट फार तर सेकंदाला ६ मेगाबाइट मागतो, अतिस्पष्ट चकतीवरील फार तर १६. शिवाय येणारी आणि जाणारी वाहतूक वेगवेगळ्या बाजूंनी चालते. बिनतारी जोडणीवर मात्र हे दोन्ही प्रवास एकाच हवेतून होतात, म्हणून निदान पेटी आणि छोटा संगणक यांना तरी राउटरशी तारेनेच जोडावे. एक चमत्कारिक गोष्ट जाता जाता सांगते: अनेक महागड्या संचांतही तारेचे तोंड १०० मेगाबिटचेच असते. तार जोडूनही मोठा चित्रपट अडला तर दोष पेटीला देऊ नये.

विजेचे काय, हा प्रश्न माझ्या आईने पहिल्याच दिवशी विचारला. "एकाची दोन केलीस, आता बिल कोण भरणार?" जुना संगणक सरासरी ६५ वॉट घेई; आता पेटी आणि छोटा संगणक मिळून ३० वॉट घेतात. चोवीस तास चालू ठेवले तरी महिन्याला सुमारे २२ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरल्यास पावणेदोनशे रुपयांच्या आत. पूर्वी ४७ युनिट जात. आईने आकडे दोनदा तपासले, मग विषय सोडला.

वीज जाते त्याचे संकट मात्र खरे आहे, आणि दोन यंत्रांच्या घरात ते जरा वेगळे रूप घेते. वीज परत आली की छोटा संगणक अर्ध्या मिनिटात उठून बसतो. पेटीला डिस्क फिरवून सावध होण्यास तीन-चार मिनिटे लागतात. तेवढ्यात दाखविणाऱ्या कार्यक्रमाने कोठीचे दार ठोठावले तर त्याला आत काहीच दिसत नाही, आणि चित्रपट संपले अशी समजूत करून घेऊन तो आपली सूची पुसून टाकतो. मे महिन्यात एका दुपारी आमच्याकडे असेच झाले. फायली सुखरूप होत्या, परंतु कोणता चित्रपट कोठवर पाहिला याच्या सगळ्या नोंदी गेल्या आणि घरात दोन दिवस कुरकुर चालली. आता छोटा संगणक वीज आल्यावर मुद्दाम सात मिनिटे थांबतो, आणि न सापडलेल्या गोष्टी आपोआप सूचीतून काढण्याची सोय, जेथे ती असते तेथे, बंद ठेवावी हे मी शिकले. पेटीला लहानसा यूपीएस जोडला आहे. घरचा इन्व्हर्टर पुरेल असे समजू नये. अनेक इन्व्हर्टर बदलाच्या क्षणी जो किंचित खंड पाडतात, तेवढ्यात दिवा मिचकतो पण डिस्क कोसळते. ज्यांच्याकडे सातव्या पिढीचा वा त्यानंतरचा जुना लॅपटॉप पडून असेल, त्यांनी छोट्या संगणकाऐवजी तो वापरण्यास हरकत नाही. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. फक्त ती फुगलेली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

इतके करूनही कोठीला आग लागू शकते. दोन डिस्कवर तोच मजकूर असणे म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. पेटी चोरीस गेली, पाण्यात बुडाली वा विजेच्या लोळाने जळाली तर दोन्ही एकदम जातात. चित्रपटांची संग्रहालये मूळ जतनप्रत वेगळी ठेवतात आणि दाखविण्यासाठी दुसरी प्रत काढतात. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आपला ठेवा याच समजुतीवर जमविला. त्याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिती ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या फिती त्यात गेल्या. म्हणून घरच्या ठेव्याची एक प्रत दुसऱ्या गावी असावी. चित्रपट पुन्हा मिळतात, त्यांची काळजी नको. छायाचित्रे आणि आवाज यांचीच प्रत करावी, म्हणजे एका लहान डिस्कमध्ये सारे मावते.

माझी ती डिस्क इंदूरला आत्याकडे असते. आत्या म्हणजे आजीची धाकटी मुलगी. ओव्या पुसल्या गेल्याचे मी तिला फोनवर सांगितले, तेव्हा ती क्षणभर काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "अगं, माझ्याकडे त्या कॅसेटची कॉपी आहे की! दादानं करून दिली होती." कॅसेट निघाली, चाललीही. परंतु ती साठ मिनिटांची. पहिल्या बाजूवर आजी, आणि दुसऱ्या बाजूवर केव्हातरी कोणीतरी रेडिओवरची भावगीते भरून घेतली होती. एकतीस मिनिटे मिळाली. सोळा मिनिटे गेली ती गेलीच.

गेल्या मार्गशीर्षात डिस्क बदलावयास मी इंदूरला गेले होते. रात्री जेवणे झाल्यावर आत्याने त्या एकतीस मिनिटांपुढच्या ओव्या आठवून आठवून म्हटल्या. काही ठिकाणी ती अडली, दोन ठिकाणी तिला आजीचा शब्द आठवेना म्हणून तिने आपला घातला आणि तसे सांगितलेही. बाहेर गल्लीत कुत्री भुंकत होती, तीही ध्वनिमुद्रणात आली आहेत. घरी परतल्यावर मी ती फाइल टेबलावरच्या संगणकावरून पेटीत ठेवली आणि आजीच्या फाइलीशेजारी वेगळ्या नावाने नोंदविली. दूरचित्रवाणीच्या वरच्या ओळीत आता दोन फोटो दिसतात. पुढच्या सुट्टीत भाचा आला की तो त्यांतील एक तरी काढावयास जाईल, अशी माझी खात्री आहे.